ल्यूइस फ्राय रिचर्डसन : आकाशाचे गणित

मृग नक्षत्र जवळ आले की कोकणपट्टीपासून घाटमाथ्यापर्यंत साऱ्यांची दृष्टी आकाशाकडे लागते. जमीन नांगरून ठेवलेली असते, बियाणे घरात आलेले असते. परंतु पाऊस केव्हा येईल आणि किती पडेल हे ठाऊक नसल्यामुळे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आपले वाडवडील या प्रश्नाचे उत्तर पंचांगातील नक्षत्राच्या वाहनात किंवा पावशा पक्ष्याच्या ओरडण्यात शोधीत असत. आज हे उत्तर गणिताच्या साहाय्याने शोधले जाते, आणि त्या गणितासाठी लागणारी माहिती पृथ्वीभोवती फिरणारे कृत्रिम उपग्रह पुरवितात. हवेचा अंदाज निव्वळ आकडेमोडीने सांगता येईल असे मानून ती आकडेमोड जगात प्रथम प्रत्यक्ष करून पाहणारे ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो.

थोरांची चरित्रे बहुधा विजयाची असतात. विद्यार्थी मित्रहो, हे चरित्र काहीसे वेगळे आहे. रिचर्डसन यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध गणिताचे उत्तर सपशेल चुकले होते, आणि ते चुकलेले उत्तर त्यांनी स्वतःच ग्रंथरूपाने जगापुढे ठेवले.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसल या शहरी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. घराणे क्वेकर पंथाचे. कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती धरावयाचे नाही, ही त्या पंथाची शिकवण. बाळपणी मनावर बिंबलेल्या या शिकवणीने रिचर्डसन यांच्या आयुष्याला पुढे अनेकदा वळण दिले. यॉर्क येथील बूथॅम या क्वेकर शाळेत आणि न्यूकॅसलच्या महाविद्यालयात शिकून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले आणि १९०३ साली पदवीधर झाले. १९०९ मध्ये डोरोथी गार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना स्वतःचे अपत्य झाले नाही. तीन मुलांना त्यांनी दत्तक घेऊन वाढविले.

पदवीनंतर काही वर्षे ते एका नोकरीतून दुसरीत असे हिंडत राहिले. त्यांतील एक नोकरी पीटचा धंदा करणाऱ्या कंपनीत होती. पीट म्हणजे थंड देशांतील दलदलीत साठलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून व वाळवून जळणासाठी वापरतात. दलदलीतले पाणी काढून टाकण्यासाठी चर कोठे आणि किती अंतरावर खणावेत, हा प्रश्न रिचर्डसन यांच्यापुढे आला. मातीतून पाणी कसे वाहते हे सांगणारी समीकरणे उपलब्ध होती. पण जमीन काही भूमितीच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी सुबक नसते, आणि वेड्यावाकड्या आकाराच्या जागेसाठी ती समीकरणे सुटत ना. तेव्हा रिचर्डसन यांनी एक युक्ती योजिली. जागेवर चौकटींचे जाळे आखावे, प्रत्येक चौकटीसाठी एक संख्या मानावी, आणि शेजारच्या चौकटींतील संख्यांच्या फरकावरून पायरीपायरीने उत्तर काढीत जावे. या मार्गाने अचूक उत्तर मिळत नाही; परंतु चौकटी लहान करीत गेले म्हणजे उत्तर सत्याच्या हवे तितके जवळ जाते. शिवाय प्रत्येक पायरीला लागतात ती केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार. ही रीत १९१० मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडली. चिखलातल्या पाण्यासाठी शोधलेली ही रीत पुढे त्यांनी आकाशाला लावली.

१९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात दाखल झाले आणि दक्षिण स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या वेधशाळेचे प्रमुख झाले. चहूकडे उजाड डोंगर, सततचा पाऊस आणि माणसांची वानवा. चिंतनाला असे स्थळ उत्तम. त्या काळी हवेचा अंदाज कसा वर्तवीत असत? आजच्या नकाशासारखा दिसणारा एखादा जुना नकाशा शोधावयाचा, त्या वेळी पुढे काय झाले ते पाहावयाचे आणि तसेच पुन्हा होईल असे मानावयाचे. रिचर्डसन यांना ही रीत पटली नाही. खगोलशास्त्रज्ञ ग्रहणाचे भाकीत करतात ते जुन्या ग्रहणांच्या साधर्म्यावरून करीत नाहीत, गतीच्या नियमांवरून करतात. हवा हीदेखील एक वस्तूच आहे. तिचा दाब, तिचे तापमान, तिच्यातील बाष्प आणि तिचा वेग ही पदार्थविज्ञानाच्या नियमांनी बांधलेली आहेत. नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी हा विचार १९०४ मध्येच मांडला होता. तो प्रत्यक्ष आकडेमोडीत उतरविण्याचे काम रिचर्डसन यांनी अंगावर घेतले.

हे काम चालू असता पहिले महायुद्ध पेटले. शस्त्र तर धरावयाचे नाही. पण इतर तरुण मरत असता आपण सुरक्षित वेधशाळेत बसून राहावे, हेही त्यांच्या मनाला रुचेना. १९१६ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि क्वेकरांच्या शुश्रूषापथकात दाखल होऊन ते फ्रान्समध्ये गेले. फ्रेंच सैन्याच्या एका तुकडीबरोबर जखमींना वाहून नेणारी गाडी चालविणे हे त्यांचे काम झाले. तोफांच्या माऱ्यातून गाडी न्यावयाची, जखमींना रुग्णालयात पोहोचवावयाचे, आणि विसावा मिळाला म्हणजे थंडगार निवाऱ्यात गवताच्या ढिगावर बसून आकडेमोड करावयाची, असा त्यांचा क्रम होता.

ही आकडेमोड कसली होती? रिचर्डसन यांनी मध्य युरोपचा नकाशा घेऊन त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीवरील हवेचा स्तंभ पाच थरांत विभागला. २० मे १९१० या दिवशी युरोपात अनेक ठिकाणांहून बलून सोडून वरच्या हवेचे वेध घेतलेले होते. ती माहिती त्यांनी आधाराला घेतली. त्या दिवशी सकाळी ७ वाजता हवेची स्थिती अशी होती, तर सहा तासांच्या अवधीत जर्मनीतील म्यूनिक शहराजवळ दाब किती बदलेल, एवढाच प्रश्न. आकडेमोडीचे तक्ते तयार करून त्या सहा तासांचे उत्तर काढण्यास त्यांना सुमारे सहा आठवडे लागले.

१९१७ च्या एप्रिलमध्ये शांपेन येथील लढाईच्या धामधुमीत ग्रंथाचे हस्तलिखित पिछाडीला पाठविले गेले आणि वाटेत गहाळ झाले. कित्येक महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले! तो ढीग कोणी आधी जाळून संपविला असता आणि कागदही त्याबरोबर भट्टीत गेले असते, तर आज आम्हांला हे चरित्र सांगण्याचे कारणही पडले नसते.

आणि उत्तर काय आले? सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल असे गणिताने सांगितले. वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,००० मिलिबार असतो, आणि अत्यंत उग्र चक्रीवादळातही सहा तासांत एवढा फेरबदल होत नाही. त्या दिवशी तर म्यूनिकजवळचा दाब जवळजवळ स्थिरच होता. म्हणजे उत्तर थोडेथोडके चुकले नव्हते, पार चुकले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने तो कागद फाडून टाकला असता, निदान ग्रंथातून ते प्रकरण वगळले असते. रिचर्डसन यांनी यांपैकी काहीच केले नाही. १९२२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात सारी रीत, सारे तक्ते आणि ते चुकलेले उत्तर, सर्व काही जसेच्या तसे होते. दोष बहुधा सुरुवातीच्या वाऱ्यांच्या नोंदींत असावा, हा आपला तर्कही त्यांनी नोंदवून ठेवला. तो तर्क खरा ठरला. दाब आणि वारा यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या नसल्या की गणितात खोट्या लाटा उसळतात आणि खऱ्या हालचालीला बुडवून टाकतात. आयर्लंडचे गणितज्ञ पीटर लिंच यांनी बऱ्याच वर्षांनी तीच माहिती घेऊन, प्रथम तीतील ही विसंगती काढून टाकून, रिचर्डसन यांच्याच रीतीने गणित पुन्हा केले. तेव्हा उत्तर अगदी समंजस आले. रीत खरी होती. खोट होती ती हाती आलेल्या माहितीत.

या ग्रंथात एक रम्य कल्पनाही आहे. साऱ्या पृथ्वीच्या हवेचे गणित हवेच्याच वेगाने करावयाचे तर किती माणसे लागतील? रिचर्डसन यांनी हिशेब केला : ६४,०००. मग त्यांनी एक प्रचंड वर्तुळाकार सभागृह कल्पिले. त्याच्या भिंतींवर आणि छतावर पृथ्वीचा नकाशा, प्रत्येक प्रदेशाजवळ त्या त्या प्रदेशाचे गणित करणारी माणसे, आणि मध्ये उंच स्तंभावर उभा असलेला एक सूत्रधार. जो प्रदेश गणितात पुढे धावेल त्याच्यावर त्याने तांबूस प्रकाश टाकावा, जो मागे राहील त्याच्यावर निळा. सभागृहाबाहेर मैदाने, घरे, डोंगर आणि तळी असावीत, असेही त्यांनी लिहून ठेवले. कारण हवेचे गणित करणाऱ्यांना मोकळी हवा मिळाली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

परंतु आमच्या मते या ग्रंथाचा सर्वांत दूरदर्शी भाग आकाशाविषयीचा नाही, जमिनीविषयीचा आहे. हवेचे गणित करावयाचे तर खालच्या जमिनीचेही केले पाहिजे, हे रिचर्डसन यांनी ओळखले होते. ऊन जमिनीवर पडते. जमीन ओली असेल तर त्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो आणि हवा त्या मानाने थंड राहते. जमीन कोरडी असेल तर तीच उष्णता हवेला तापविते. मातीच्या माठातील पाणी गार का राहते हे जाणणाऱ्या आपणा सर्वांना हे सहज उमगेल. म्हणून मातीतील उष्णता, मातीतील ओल आणि झाडांच्या पर्णरंध्रांतून बाहेर पडणारे बाष्प यांचाही विचार त्यांनी ग्रंथात केला. पीटच्या दलदलीत मिळालेले ज्ञान येथे उपयोगी पडले असावे. कोरड्या-ओल्या मातीतून पाणी कसे सरकते याचे जे समीकरण त्यांनी येथे दिले, तेच १९३१ मध्ये अमेरिकेतील लोरेन्झो रिचर्ड्स यांनी मांडले आणि जगभर त्यांच्याच नावाने ओळखले गेले. आता कित्येक शास्त्रज्ञ त्यास रिचर्डसन व रिचर्ड्स या दोघांचे समीकरण म्हणतात.

ग्रंथ निघाला खरा, पण ६४,००० गणक आणावयाचे कोठून? विद्वानांनी कौतुक केले आणि ग्रंथ कपाटात ठेवून दिला. रिचर्डसन यांच्याही आयुष्यात दरम्यान एक पेच उभा राहिला होता. युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले होते. पण १९२० मध्ये ते खाते हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे लष्करी विमानांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाच्या ताब्यात गेले. ज्या विषयासाठी जिवाचे रान केले तो विषय आणि मनाची साक्ष, यांतून एक निवडावे लागले. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला आणि लंडनमधील एका अध्यापक-महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. हवेतील भोवऱ्यांचे त्यांचे संशोधन चालूच होते. हवा केव्हा खळबळून उठते हे सांगणारी एक संख्या आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु आपल्या या संशोधनात विषारी वायूचा वापर करू पाहणाऱ्यांना रस आहे हे कळताच त्यांनी ते काम थांबविले आणि अप्रकाशित भाग नष्ट केला, असे सांगतात.

१९२९ मध्ये, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, त्यांनी मानसशास्त्राची परीक्षा दिली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील तंत्रमहाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९४० मध्ये मुदतीपूर्वीच निवृत्ती घेऊन त्यांनी उरलेले आयुष्य एकाच प्रश्नाला वाहिले : युद्धे का होतात? हवेचे गणित करणाऱ्या या माणसाने युद्धांचेही गणित मांडले. कोणत्या युद्धात किती माणसे मेली, कोणती राष्ट्रे एकमेकांना लागून होती, शस्त्रांची चढाओढ कशी वाढत जाते, याचे तक्ते त्यांनी वर्षानुवर्षे तयार केले. देशांच्या सीमांची लांबी पाहता पाहता त्यांच्या ध्यानी आले की मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी सीमा लांब भरते! या निरीक्षणावरून पुढे बेन्वा मांडेलब्रो यांनी भूमितीची एक नवी शाखाच फुलविली. निवृत्तीतही कुतूहल संपले नव्हते; समुद्राच्या पाण्यात वस्तू कशा पांगतात हे पाहण्यासाठी ते भाजीचे कंद कापून त्यांचे तुकडे पाण्यात टाकीत आणि त्यांच्यामधील अंतर मोजीत.

१९५० मध्ये अमेरिकेत एनियाक या विद्युत्-गणकयंत्रावर ज्यूल चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेचे गणित केले. चोवीस तासांच्या अंदाजाला यंत्राला सुमारे चोवीस तासच लागले. पण या वेळी उत्तर चुकले नाही. चार्नी यांनी ते निष्कर्ष वृद्ध रिचर्डसन यांच्याकडे पाठविले. रिचर्डसन यांनी पत्नीला नकाशे दाखवून तिचे मत घेतले, आणि आपल्या त्या एकमेव आणि पूर्ण चुकलेल्या उत्तराच्या मानाने ही फार मोठी प्रगती आहे, असे मोकळ्या मनाने कळविले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधील किल्मन या गावी त्यांचे निधन झाले. पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात जाण्यास तेव्हा अजून चार वर्षे अवकाश होता.

त्यांच्या पश्चात् त्यांचे गणित किती वाढले ते पाहू. १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा हवेची चित्रे पाठविणारा उपग्रह अमेरिकेने सोडला. १९७२ मध्ये जमिनीचे निरीक्षण करणारा लँडसॅट-१ गेला. दरम्यान रिचर्डसन यांच्या चौकटी यंत्रांत शिरल्या आणि त्यांना हवामानाची प्रतिमाने असे नाव मिळाले. १९७५ मध्ये त्याच चार्नी यांनी दाखविले की आफ्रिकेतील साहेल प्रदेशात गवत नाहीसे होऊन जमीन उघडी पडली तर ती अधिक ऊन परत फेकते आणि त्यामुळे पाऊस आणखी घटू शकतो. झाडोरा हा पावसाचा केवळ परिणाम नाही, तो पावसाच्या कारणांपैकीही एक आहे, हे यावरून दिसून आले. १९८६ मध्ये पिअर्स सेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींचा श्वासोच्छ्वास प्रतिमानात आणण्याची सविस्तर रीत मांडली, आणि पुढे तिला उपग्रहांच्या माहितीची जोड दिली. हेच सेलर्स नंतर अंतराळवीर होऊन तीनदा अंतराळात गेले.

एखाद्या लहान प्रदेशाचे हवामान बारकाईने पाहणारी प्रादेशिक प्रतिमाने १९८९ पासून पुढे आली. त्यांचे महत्त्व आपणांस दुसऱ्या कोणी सांगावयास नको. गोव्याच्या किनाऱ्यावरून निघून सह्याद्री चढून बेळगाव जिल्ह्यात उतरावे. खानापूरच्या रानात पावसाची झड लागलेली असते आणि त्याच जिल्ह्यातील अथणीकडे शेतकरी पाण्याला आसुसलेला असतो. रिचर्डसन यांच्या दोन-दोनशे किलोमीटरच्या चौकटीत हे सारे एकाच घरात कोंबले गेले असते. चौकट लहान केली की घाट आणि मैदान वेगळे होतात. परंतु मग प्रत्येक चौकटीतील जमीन कशी आहे, हे सांगणारा कोणीतरी लागतो.

ते काम उपग्रह करतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोराने परत फेकते. या दोहोंच्या तुलनेवरून कोठे किती हिरवळ आहे हे कळते. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून पृष्ठभागाचे तापमान कळते. ओल मोजण्यासाठी सूक्ष्मतरंगांचा उपयोग करतात. हे तरंग ढगांतून पार होतात, म्हणून पावसाळ्यातही जमीन दिसत राहते. २००९ मध्ये युरोपने सोडलेला स्मॉस आणि २०१५ मध्ये अमेरिकेने सोडलेला स्मॅप हे उपग्रह याच कामासाठी आहेत. भारतानेही १९७९ मध्ये भास्कर-१ आणि १९८८ मध्ये आयआरएस-१ए हे उपग्रह पृथ्वीच्या निरीक्षणासाठी सोडले. पूर्वी प्रतिमानात अमुक ठिकाणी रान, तमुक ठिकाणी शेत असा कायमचा तक्ता भरीत; रान तुटले, शेताला पाट आला किंवा दुष्काळ पडला तरी तक्त्याला त्याचा पत्ता नसे. आता जमिनीची चालू स्थिती गणितात घेता येते. अर्थात् उपग्रहाला ओल दिसते ती वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर मातीतली. मुळांपर्यंतच्या ओलीचा अंदाज गणितालाच करावा लागतो. तेथे पुन्हा कामी येते ते रिचर्डसन व रिचर्ड्स यांचे समीकरण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत दक्षिण आशियासाठी अशी प्रादेशिक प्रतिमाने चालविली गेली आहेत.

रिचर्डसन यांनी ६४,००० गणकांचे सभागृह कल्पिले, पण त्या गणकांना पृथ्वीच्या प्रत्येक कोपऱ्यातील माहिती कोण आणून देणार, हा प्रश्न त्यांच्या काळी सुटण्यासारखा नव्हता. यंत्रांनी गणकांची जागा घेतली आणि उपग्रहांनी माहितीची उणीव बरीच भरून काढली. मूळ रीत मात्र गवताच्या ढिगावर बसून केलेल्या त्या गणिताचीच आहे.

विद्यार्थी मित्रहो, गणिताच्या वहीत उत्तर चुकले की ते पान फाडून टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. रिचर्डसन यांनी ते पान फाडले असते तर त्यांची अब्रू कदाचित राहिली असती. पण पुढच्यांना आपण कोठून आरंभ करावा हे कळले नसते. त्यांनी रीत पूर्ण लिहिली, उत्तर लपविले नाही, आणि चूक कोठे असावी हेही सांगून ठेवले. म्हणूनच दुसऱ्यांना ती चूक शोधता आली आणि सुधारताही आली. पान न फाडण्याचे एवढे धैर्य आपल्या अंगी आले, तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.